आहेराची चाकं

बेटाच्या दक्षिण टोकाच्या शमें ग्रेनिए गावात बलरामला राग आला की आधी कोंबड्या दडायच्या, मग कुत्री, आणि शेवटी शेजारी. एकदा तो पायरीवर उभा राहून शेजाऱ्याच्या बैलावर ओरडला, तर रियांबेलच्या किनाऱ्यावर मासे धरायला निघालेली माणसं वादळाचा इशारा समजून होड्या वाळूवर ओढून घरी परतली. खोटं वाटत असेल तर त्या बैलाला विचारा. त्या दिवसापासून तो डाव्या कानाने बहिरा. पण एवढा नावाजलेला राग ज्या दिवशी खरोखर कामाला यायला हवा होता, नेमका त्याच दिवशी बलरामला तो गिळावा लागला. तोही भरल्या मांडवात, गळ्यात हार असताना.

त्या दिवशी व्हाकोआला त्याच्या लेकीच्या सासरी लग्नानंतरचं जेवण होतं. लेकीचं नाव कामिनी. जावई सुरेंद्र सरकारी कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. तिचे सासरे देवराज मात्र वेगळे. तेही जन्मभर सरकारी नोकरीत होते, आणि नोकरी संपली तरी प्रत्येक वाक्यानंतर शिक्का मारल्यासारखी मान खाली आपटायची सवय काही गेली नव्हती. त्यांनी म्हटलं की आज गुरुवार आहे, तर मंगळवारसुद्धा बिचारा गप बसायचा.

जेवणं आटोपली आणि आहेर सुरू झाले. बलरामच्या बायकोला, भगवतीला, हिरवी साडी मिळाली. आता बलरामला धोतर आणि टोपी मिळणार म्हणून तो पुढे सरकला, तोच देवराजांनी टाळी वाजवली. मांडवाच्या मागून दोन पोरगे चार चाकं ढकलत घेऊन आले. आरशासारखी चकचकीत, टायरच्या कडेला पांढरा पट्टा, आणि प्रत्येक चाकाला झेंडूचा हार.

"व्याही," देवराज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "परवा तुमची पिकअप आमच्या दारात उभी राहिली, तर शेजारी विचारत होते, भंगारवाला आलाय का म्हणून. आता आमच्याशी सोयरीक झाली. ही चाकं लावा, आणि सत्यनारायणाला याल ते याच चाकांवर या." आणि मान आपटली.

मांडव हसला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

बलरामची पिकअप दिसायला भंगार होती हे खरंच. साठ सालच्या मोठ्या वादळात तिच्यावर फणसाचं झाड पडलं होतं, तेव्हापासून तिची चाकं वाकडी. एक हिरवं, एक काळं, दोन गंजाच्या रंगाची. पण रोज पहाटे अख्ख्या गावाची वांगी, दोडके आणि कोबी घेऊन ती क्युर्पिपच्या बाजाराला चढायची आणि एक वांगंही न चेमटता पोचायची. चांगली चाकं बलराम शोधत होताच. शोधून ठेवलीही होती. मोंतान्य ब्लांश गावच्या कृष्णदेवकडे त्याच जातीची एक पिकअप होती, तिचं अंग वादळाने खाल्लं होतं पण चाकं धडधाकट होती. लग्नाची धावपळ सरली की घेऊन जातो, असं बलराम त्याला सांगून आला होता.

आणि आता ही. हार घातलेली. बलरामने एका नजरेत ओळखलं की ही चाकं माणसं बसवून फिरायच्या मोटारीची आहेत, ओझं वाहणाऱ्या गाडीची नव्हेत. भोकं पाचच होती, त्याच्या गाडीच्या हबवरही, चाक जिथे अडकतं त्या चकतीवरही, बोल्ट पाचच. पण ज्या गोलात ती भोकं पाडलेली होती, तो गोल मोठा होता. चाक बोल्टावर बसायचं ते भोकांच्या संख्येने बसत नाही, त्या गोलाने बसतं. हे देवराजांना सांगायला त्याने तोंड उघडलं. छाती भरून आली. मांडवातली कुत्री उठून निघालीसुद्धा.

भगवतीने त्याच्या पायावर पाय दिला.

त्याने समोर पाहिलं. सासूच्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन कामिनी बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती. तिच्या लहानपणी तो कुणाशी भांडायला निघाला की ती अशीच दारात उभी राहून बघायची. आज या घरात तिचा तिसरा दिवस. इथे आहेर नाकारला, तर जन्मभर ऐकावं लागणार ते तिला. बलरामने हात जोडले, वाकला, आणि राग गिळला. तो एवढा मोठा होता की त्यानंतर आठवडाभर त्याच्या घशाखाली भात उतरत नव्हता.

घरी आल्यावर चाकं शेडमध्ये पडली आणि बलराम रोज सकाळी उठून त्यांच्यावर ओरडू लागला.

"झगमगाट बघा! ओझ्याच्या गाडीला लग्नातली वाजंत्री बांधल्यागत! भंगारवाला म्हणं! ह्या भंगारवाल्याच्या गाडीवर ह्याच्या पोराच्या लग्नाचे टोप गेले व्हाकोआला, तवा न्हाई लाज वाटली!"

"अवो, चाकांना ऐकू येत न्हाई," भगवती चुलीपासून म्हणायची.

"म्हणून तर त्यांच्यावर ओरडतो. ज्याला ऐकू येतं त्याच्यावर ओरडायची सोय ठेवली न्हाई तुम्ही मायलेकींनी!"

त्याने चाकांवर ताडपत्री टाकली आणि जुन्या वाकड्या चाकांवरच बाजाराला जाऊ लागला. मोंतान्य ब्लांशलाही गेला नाही. आहेराची चाकं घरात पडलेली असताना दुसरी लावली, तर ती बातमी व्हाकोआला त्याच्या गाडीच्या आधी पोचली असती.

मग कामिनी पहिल्या माहेरपणाला आली. खुशाली विचारून झाली, खाणं झालं, आणि मग तिने मान खाली घालून सांगितलं, "बा, मामंजी रोज जेवताना विचारतात. लावली का वडलांनी चाकं. सकाळी विचारतात, रात्री विचारतात. शेजारच्यांसमोर पण विचारतात."

"आणि तुझी सासू?"

"त्या काही बोलत नाहीत. पदर ओढून घेतात आणि भात वाढतात."

"आन सुरेंद्र?"

"ते भात खातात."

बलराम उठला, शेडपाशी गेला, ताडपत्रीला एक लाथ घातली आणि परत येऊन बसला. "तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. "तू तर लहानपणापासनं माझ्या हाताखाली नट धरलेस. बसंल का ते चाक?"

कामिनीने लाथेने सरकलेल्या ताडपत्रीकडे पाहिलं. "नाही बसणार," ती म्हणाली. "पण मी तिथं तसं म्हणू शकत नाही ना, बा."

ती व्हाकोआला परत गेली आणि भगवतीने धोशा लावला. "एक दिवस लावा. पूजेला जाऊन या, परत आलं की काढून टाका. पोरीचं सासर हाय. एक दिवस काय मरतो का आपण?" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं की घरातला पोपट, जो कधीच बोलत नव्हता, तोही म्हणायला लागला.

शेवटी पूजेच्या आदल्या दिवशी बलराम चाकं घेऊन गास्तोंकडे गेला. गास्तों हा गावातला क्रिओल मेकॅनिक, आणि त्याला न जमणारं काम देवाने अजून केलेलं नव्हतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

"पा ट्राका!" गास्तों चाक बघून म्हणाला. काळजी नको, हे त्याचं घोषवाक्य. ते उच्चारलं की गिऱ्हाईकाला घाम फुटायचा.

"अरे, गोल मोठा हाय त्याचा. बोल्टावर जाणार न्हाई."

"भोकं घासतो आत. लांबट करतो. मग जाईल."

"मग नट बसंल कुठं? नटाचं तोंड निमुळतं असतं, गोल भोकात रुतून बसतं. लांबट भोकात काय धरंल?"

"वॉशर टाकतो."

"आणि हे बघ, चाक बाहेर येतंय. मडगार्डला घासंल."

"मडगार्ड ठोकून वर करतो."

"आणि ओझं? ही रिम पातळ हाय, गास्तों! कोबीची पोती टाकली की दबंल!"

"मग कोबी टाकू नकोस," गास्तों शांतपणे म्हणाला. "बलराम, तुला चाकं लावायची आहेत की मला शिव्या द्यायच्यात?"

बलरामला दोन्ही करायचं होतं. गास्तों घासत होता आणि बलराम ओरडत होता, गास्तोंवर, वॉशरवर, व्हाकोआवर, सरकारी नोकऱ्या सुरू करणाऱ्या इंग्रजांवर. गास्तोंच्या गॅरेजचा पत्रा त्या दिवसापासून एका बाजूने वर उचललेला आहे म्हणतात. दुपारपर्यंत चारही चाकं लागली. मडगार्डखालून ती कानांसारखी बाहेर आलेली. गाडी उभी असताना इतकी देखणी दिसत होती की रस्त्याने जाणारी माणसं थांबत होती. देखणी, आणि प्रत्येक नट कुठल्यातरी तिरक्या खाचेत कसाबसा अडकलेला.

दुसऱ्या दिवशी पूजेला निघताना बलरामने जुनी वाकडी चाकं मागच्या हौद्यात टाकली. जॅक टाकला, पाना टाकला.

"हे कशाला?" भगवतीने विचारलं. ती नवी हिरवी साडी नेसून, चाकांना झेंडूचे ताजे हार बांधून, मांडीवर प्रसादाच्या लाडवांचा डबा घेऊन पुढे बसली होती.

"मी ड्रायव्हर हाय," बलराम म्हणाला. "सोयरा नंतर."

सुयाक गाव येईपर्यंत गाडी थरथरत होती. स्टिअरिंग असं हलत होतं की बलरामच्या हातात ते आहे की तो स्टिअरिंगच्या हातात आहे, ते कळेना. वळणावर डावं टायर मडगार्डला घासून किंचाळायचं. लाडू डब्यात इतके आपटले की पुन्हा बेसन झाले. बलराम आता ओरडत नव्हता. नजर रस्त्यावर, दात घट्ट. भगवतीला त्याच्या ओरडण्याची सवय होती. ही शांतता तिला ठाऊक नव्हती.

"अवो, काहीतरी बोला."

"बोलायला लागलो तर कान इकडं द्यावा लागंल. आता तो चाकाकडं हाय."

रिव्हिएर दे झांगीचा पूल लागतो त्याआधी उतार आहे. खाली खोल दरी, बाजूला कठडा. त्या उतारावर पुढच्या डाव्या चाकातून काडकन आवाज आला. बोल्ट तुटला होता. चाक हबवर डगमगलं, गाडीने डावीकडे हिसका घेतला आणि कठड्याकडे निघाली. बलरामने स्टिअरिंग छातीशी दाबून धरलं, ब्रेकवर उभा राहिला. भगवतीचं कपाळ काचेवर आपटलं. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक कठड्याला टेकलं होतं, आणि भगवतीच्या खिडकीतून खाली फक्त नदी दिसत होती.

बेसनाचे कण सगळीकडे उडाले होते. भगवतीच्या भुवईवरून रक्त येत होतं. तिने हिरव्या साडीचा पदर त्यावर दाबला.

"दुखतंय?" बलरामने विचारलं.

"काढा," भगवती म्हणाली. "आत्ता काढा ती चाकं."

"काढली तर कामिनीला..."

"काढा म्हणते ना!"

इतक्या वर्षांत ती त्याच्यावर पहिल्यांदा ओरडली. बलराम खाली उतरला. भर रस्त्यात गाडी जॅकवर घेतली. मागून ऊस भरलेल्या लॉऱ्या हॉर्न वाजवत होत्या, आणि तो एकेकाला उत्तर देत होता, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुटला होता एक बोल्ट. उरलेल्या चारांवर जुनं गंजलेलं चाक कुरकुर न करता बसलं, जणू काही इतके दिवस तेच वाट बघत होतं. आहेराची चारही चाकं मागे गेली. भगवतीने त्यांच्यावर बांधलेले हार तसेच ठेवले, फक्त एक सरळ केला.

व्हाकोआला देवराज फाटकापाशीच उभे होते. रेशमी उपरणं, कपाळाला गंध, मागे शेजारपाजारची मंडळी. चाकं दाखवायलाच सगळ्यांना बाहेर आणलेलं. रस्त्याच्या टोकाला हिरवं, काळं आणि गंजाच्या रंगाचं चाक दिसलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि गाडी फाटकात थांबली तेव्हा तो पुरता लाल झाला होता.

"हे काय, व्याही?"

"तुमची चाकं मागं हायेत. हारासकट."

"मागे? आहेर मागे टाकून आणलात? सगळ्यांसमोर दिलं होतं मी. तुम्हाला आमचा मान ठेवता येत नाही का?"

"ठेवला होता. पुलापर्यंत ठेवला. पुलावर त्यानं मला नदीत टाकायला बघितलं!" आणि मग बलरामच्या घशात इतके दिवस अडकलेलं ते सगळं एकदम वर आलं. "मोटारीची चाकं ओझ्याच्या गाडीला देता? गोल बघितला? भोकं मोजून चाक घेता, आंबे घेतल्यागत? मी गावाचं पोट वाहतो या गाडीवर, तुमचा झेंडू न्हाई! भंगारवाला म्हणालात मला, मी हात जोडले. रोज जेवताना पोरीला टोचलंत, मी गप बसलो. आणि मान? कुणाचा मान? तुमच्या फाटकाचा?"

व्हाकोआत त्या वेळी तीन घरांतलं दूध नासलं, अशी नोंद आहे.

देवराजही काही गप बसणारे नव्हते. त्यांच्या मानेला शिक्क्याची सवय असली तरी घशाला आवाज होता. "मग ऐका! आमच्याकडनं नेलंत ते इथे उतरवा. आणि इथे आणून ठेवलंत ते घेऊन जा!"

इथे आणून ठेवलेलं म्हणजे कामिनी, हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. दारात पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या सुरेंद्रच्या हातातलं निरांजन विझलं.

बलरामने तोंड उघडलं आणि त्यातून आवाजच निघाला नाही. जन्मात पहिल्यांदा. पुलावर जे होऊ नये म्हणून त्याने गाडी छातीने अडवली होती, त्याहून मोठं काहीतरी आता या फाटकात पडत होतं, आणि ते त्याच्याच ओरडण्याने. त्याला तिथल्या तिथे स्वतःचीच चीड आली.

कामिनी दारातून खाली आली. आधी आईकडे गेली. पदर बाजूला करून भुवईवरची जखम पाहिली. मग वळून म्हणाली, "मामंजी, ही चाकं तुमच्या मोटारीची होती."

"काय?"

"मागच्या शेडमध्ये तुमची मोटार आहे. तिच्या पुढच्या मडगार्डला आतून नवे ओरखडे आहेत, बोल्टांचे आटे चेचलेले आहेत. मी आले त्याच आठवड्यात पाहिलं. ही चाकं तुम्ही तुमच्या गाडीला आणली होती. तिला बसली नाहीत, म्हणून त्यांना हार घातले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. घर नवीन म्हणून गप बसले, आणि आज माझी आय पुलावरून गेली असती."

एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने पाठीमागच्या शेडकडे मान वळवून पाहिलंच.

"हे... हे तुला कुणी..." देवराज सुरेंद्रकडे वळले. सुरेंद्र ताटाकडे बघत होता.

तेवढ्यात कामिनीची सासू, विद्यावती, पुढे आली. जन्मभर पदर ओढून भात वाढणारी बाई. "तिला कुणी सांगायला नको," ती म्हणाली. "मोटार चढवायला विटा मीच उचलून दिल्या होत्या तुम्हाला. तुम्ही दिवसभर खाली झोपून त्या चाकांना शिव्या देत होतात. पुढचं बोलू, की आत येऊन पूजेला बसताय?"

देवराजांची मान आपटायला खाली गेली आणि तिथेच राहिली.

आता कुणालाही वाटेल की बलराम खूश झाला असेल. छे. त्याचा आवाज परत आला तो थेट लेकीवर. "सासऱ्याला चारचौघांत असं बोलतात? हे शिकवलं तुला मी?"

"ऐका!" देवराज लगेच म्हणाले. "वडील सांगतायत ते ऐक! मडगार्डखाली डोकं घालायला सुनेला कुणी सांगितलं?"

"तेच म्हणतो मी, व्याही!"

"बरोबर बोलताय, व्याही!"

सोयरीक झाल्यापासून दोघांचं हे पहिलं एकमत. कामिनी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "एकदम ओरडू नका, काही कळत नाही," ती म्हणाली. "आधी मामंजी, मग बा." भगवतीला त्या फुटलेल्या कपाळाने हसू आवरेना.

पूजा झाली. पोथी चालली असताना दोन्ही व्याही एकमेकांकडे पाठ करून बसले होते, आणि साधुवाण्याची होडी बुडते तिथे दोघांनीही एकाच वेळी हुंकार दिला. आरती झाली आणि विद्यावतीने निकाल दिला. "प्रसाद नंतर वाटू. आधी दोघे जा आणि त्या गाडीला बसतील अशी चाकं घेऊन या. ही चाकं देणाऱ्याला बदल्यात द्या."

"आहेर बदलायचा?" देवराज ओरडले.

"साडीवरचं पोलकं लहान झालं तर दुकानात बदलत नाही का मी? आणि सुनेला बरोबर न्या. तुम्हा दोघांना भोकंसुद्धा मोजता येत नाहीत."

तर दोघांच्या मध्ये कामिनी बसली आणि पिकअप मोंतान्य ब्लांशला कृष्णदेवकडे निघाली. वाटेत दोघे तिच्या डोक्यावरून भांडत होते. देवराजांचं म्हणणं, गाडी फार हळू चालते. बलरामचं म्हणणं, तुटका बोल्ट कुणाच्या कृपेने, ते आठवा. देवराजांचं म्हणणं, बोल्ट जुना होता. बलरामने गाडी थांबवून उतरायची तयारी केली, आणि कामिनीने त्याचा हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

कृष्णदेव उसाच्या शेताकडेला राहणारा मोकळा माणूस. मोडक्या पिकअपखालच्या कोंबड्या हुसकून त्याने चाकं काढून दिली, तुटलेल्याच्या जागी एक चांगला बोल्टही बसवून दिला. आहेराची चाकं पाहून तो खूश झाला. त्याच्या मेव्हण्याची टॅक्सी होती, आणि तिच्या हबचा गोल तेवढाच होता. घासलेली भोकं भरून घेईन म्हणाला, आणि शेजारीच उभ्या टॅक्सीला चाक लावून पाहिलं. नुसतं टेकवलं, आणि ते आपसूक आत गेलं. देवराज ते बघत उभे राहिले. आपण आणलेली चाकं कुठेतरी इतकी नीट बसू शकतात, याचा त्यांना अपमान वाटला की बरं वाटलं, ते त्यांनाच ठरवता येईना.

मग पिकअपची पाळी आली. देवराजांनी रेशमी उपरणं कमरेला बांधलं. "मी लावतो," म्हणाले.

"तुम्ही?"

"माझ्या घरचा आहेर आहे. मीच लावणार."

बलरामने चाक उचलून हबवर धरलं. पाच बोल्ट पाच भोकांतून एकदम पुढे आले, मधलं मोठं भोक हबच्या गोलावर घट्ट बसलं, आणि खट् असा एकच आवाज झाला. कानाला गोड. बलराम रागवायला काहीतरी शोधत होता, पण या चाकात काही सापडेना. म्हणून तो नटांकडे वळला.

"एकामागं एक कशाला पिळताय? एक वर, मग समोरचा खाली! चाक तिरकं बसंल अशानं!"

"मला शिकवू नका, मी आयुष्यभर..."

"आयुष्यभर शिक्के मारलेत! नट न्हाई!"

"तुमच्यासारख्या अडाण्याशी..."

"अडाणी कोण? भोकं कुणी मोजली?"

कामिनीने सासऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला. एक नट वरचा, मग समोरचा, मग पुन्हा पलीकडचा, सगळे आधी हाताने आणि मग जोर लावून. दोघेही तिच्यावर ओरडले की बायकांचं काम नव्हे. ती पुढच्या चाकाकडे सरकली. थोड्या वेळाने देवराज तिच्यासमोर नट धरून बसले होते, आणि बलराम त्यांना सांगत होता की नट धरायचीसुद्धा एक रीत असते.

परत येताना गाडी थरथरली नाही, घासली नाही. भांडण मात्र चालूच होतं. एका फाट्यावर बलरामने गाडी थांबवली. एक रस्ता व्हाकोआला जातो, दुसरा खाली शमें ग्रेनिएकडे. त्याने इंजिन बंद केलं नाही. समोरच्या काचेकडे बघत, घसा खाकरून म्हणाला, "पोरी, दुपारी जे बोलणं झालं ते झालं. तुला कुठं सोडू, ते तू सांग. माझं घर काही लहान झालेलं न्हाई."

देवराज बोलायला निघाले आणि थांबले. त्यांनी उपरण्याचं टोक मुठीत धरलं. त्या सबंध दिवसात ते पहिल्यांदा गप बसले, आणि त्या गप्पपणात त्यांचं वय दिसलं. मग हळूच, मान न आपटता म्हणाले, "फाटकात मी जे बोललो, ते... ते बोलायला नको होतं मी."

कामिनीने बोटांवरचं ग्रीस रुमालाला पुसलं. तिलाही राग होता, बापाचाच होता तो, फक्त ती तो हळूहळू खर्चायची. "व्हाकोआला," ती म्हणाली. "प्रसाद वाटायचा राहिलाय. आणि मामंजी, आजपासून जेवताना चाकांचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार."

"बा, आयही तिथंच आहे. तुम्ही दोघं जेवून जा. ओरडायचं नाही."

"मी कधी ओरडतो?" बलराम ओरडला.

त्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. टायर कुठेही लागलं नाही.

"हळू वळवा, व्याही!" देवराज म्हणाले.

"गप बसा!" बलराम म्हणाला, आणि गाडी व्हाकोआच्या रस्त्याला लागली.